शंका आहे तिथे मोजा

नवरात्रीच्या आधीच्या दोन आठवड्यांत बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये गळ्याच्या, म्हणजे थायरॉइडच्या, गाठी घेऊन येणाऱ्या बायका वाढतात. रोगाला हंगाम नसतो, पण आरशासमोर मान वळवून दागिना लावून बघण्याला असतो. चोळीचा गळा बेतताना शिंपीण म्हणते, "बेन, इथे जरा फुगल्यासारखं वाटतंय." मग घरी कुणीतरी पाण्याचा घोट घ्यायला लावतं, घोटाबरोबर फुगी वर सरकते, आणि गरब्याचा उत्साह तिथेच मावळतो.

गेल्या वर्षी वाडीतल्या एक वहिनी अशाच आल्या. वय चाळिशीच्या अलीकडे, सोबत नवरा आणि नणंद. हातात दुसऱ्या एका लॅबचा गाठीच्या सुईतपासणीचा रिपोर्ट, आणि त्याच्या तळाशी ठळक अक्षरात 'बेथेस्डा वर्ग ३'. पुढे इंग्रजीत काही शब्द, ज्यांचा मराठीत सरळ अर्थ असा: पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण त्याचा अर्थ काय ते सांगता येत नाही. नणंदेने रात्रभर मोबाइलवर शोधाशोध केली होती. नवऱ्याने बसायच्या आधी विचारलं, "केन्सर तो नथी ने?" आम्ही घरात मराठी बोलणारी बडोद्याची माणसं घाबरलो की गुजरातीत शिरतो, माझ्या वडिलांचंही तसंच होतं. सर्जनने सांगितलं होतं, काढून टाका, डोक्याला ताप नको.

मी त्या स्लाइड मागवून घेतल्या. तासभर पाहिल्या. आणि कबूल करायला हवं, त्या आधी माझ्याकडे आल्या असत्या तर मीही वर्ग ३ च लिहिला असता. केंद्रकं, म्हणजे पेशींच्या आतले गाभे, 'किंचित मोठी' होती. रिपोर्टातही तेच शब्द होते. माझा मुद्दा या 'किंचित'बद्दल आहे.

त्याआधी एक घोळ निस्तरते. आपल्याकडे 'मला थायरॉइड आहे' म्हणजे रक्तातलं टीएसएच हे संप्रेरक वाढलंय आणि सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. गाठीचं प्रकरण निराळं. गाठ असलेल्या बहुतेकांचं टीएसएच नॉर्मल येतं, कॅन्सर निघालेल्यांचंसुद्धा. हाताला लागेल अशी गाठ शंभरात चार-पाच प्रौढांना असते, सोनोग्राफी केली तर कितीतरी अधिक जणांत सापडते, आणि त्यातल्या नव्वदेक टक्के निरुपद्रवी असतात. उरलेल्यांना वेचून काढायचं, आणि त्या नादात बाकीच्यांचे गळे कापायचे नाहीत, असं हे काम. कारण ऑपरेशन फुकटात पडत नाही. अख्खी ग्रंथी काढली तर जन्मभर गोळी. तिच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं, बोटांना मुंग्या येतात. आवाजाची नस शेजारूनच जाते. वाडीतल्या वहिनी भजनी मंडळात गातात. नवऱ्याने हे मला निघताना, दारात उभं राहून सांगितलं.

सुईची तपासणी करताना सुई बारीक असते, २३ ते २५ गेजची. 'गिळू नका' एवढं सांगायचं, पाच-दहा सेकंद सुई मागेपुढे करायची, आणि काचेवर एक थेंब. थेंबात रक्त येतंच, आणि ते आलेलं बरं असतं. तांबडी रक्तपेशी म्हणजे निसर्गाने स्लाइडवर टाकून दिलेली फूटपट्टी: व्यास साधारण ७ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी थायरॉइड पेशीचं केंद्रक त्याच्याच आसपास भरतं. पॅपिलरी कॅन्सरमध्ये, म्हणजे थायरॉइडच्या सर्वांत नेहमीच्या कॅन्सरमध्ये, हे केंद्रक फुगतं, लांबट होतं, फिकट पडतं. त्यावर गव्हाच्या दाण्यावर असते तशी उभी रेघ दिसते. कधी बाहेरचा पेशीद्रव बोट खुपसल्यासारखा आत घुसलेला असतो. हे सगळं ठळक असलं की शिकाऊ डॉक्टरही ओळखतो. खरी भानगड होते ती केंद्रकं जराशी मोठी, जराशी लांबट, रेघ एखाद-दुसऱ्यावर, अशा वेळी.

आणि इथे डोळा फसतो. डोळा रुंदी बघतो. ७ मायक्रॉनचं केंद्रक १० चं झालं तर आपल्याला ते दीडपटही वाटत नाही. क्षेत्रफळ मात्र साडेअडतीस चौरस मायक्रॉनवरून साडेअठ्ठ्याहत्तरवर गेलेलं असतं, दुपटीहून जास्त. जिथे मी 'किंचित' लिहिते तिथे पेशीने आपलं घर दुप्पट केलेलं असू शकतं. शेजारच्या लॅबमधला 'किंचित' माझ्या 'किंचित'एवढाच आहे का, हे तर देवच जाणे.

शब्दांचा हा घोळ आवरायचा प्रयत्न झालेला आहे. २००७ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बेथेस्डा गावी, जाणकार जमले आणि थायरॉइडच्या सुईतपासणीचे सहा वर्ग ठरले. २०१० मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्याआधी प्रत्येक लॅबची आपली बोली होती. आम्हा बडोदेकरांना या खटाटोपाचं अप्रूप वाटायला हवं. कचेरीतला शब्द दुसऱ्या कचेरीत त्याच अर्थाने वाचला जावा म्हणून सयाजीराव महाराजांनी आठ भाषांतला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' करवून घेतला होता, तो १९३१ साली छापला गेला. शब्द ठरले की भांडणं निम्मी होतात, हे इथल्या कारकुनांना तेव्हाच कळलं होतं.

पण सहापैकी दोनच वर्ग खऱ्या अर्थाने बोलके आहेत. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे वर्ग २ मध्ये, म्हणजे 'निरुपद्रवी'त, कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता ४ टक्के, वर्ग ६ मध्ये, म्हणजे 'कॅन्सर'मध्ये, ९७. इथे काय करायचं ते सर्जनला आणि घरच्यांना दोघांनाही कळतं. वर्ग ३ ला २२ टक्के, वर्ग ४ ला ३०. शिवाय हे आकडे मुख्यतः ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यावरून काढलेले. ज्यांना कुणी हात लावला नाही आणि जे ठणठणीत आहेत, ते या हिशेबात फारसे येत नाहीत. त्यामुळे ते चढेच असणार. आणि आम्ही पॅथॉलॉजिस्ट वर्ग ३ कडे पावसात आडोशाला धावावं तसे धावतो, म्हणून जाणकारांनी त्याला मर्यादाही घातली: एकूण रिपोर्टांच्या १० टक्क्यांच्या वर तो जाऊ नये.

तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक बदल झाला, त्याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं दिसत नाही. वर्ग ३ चे दोन पोटभाग केले: केंद्रकात बदल दिसतो म्हणून शंका, आणि इतर कारणांनी शंका. पहिल्यात धोका जास्त. म्हणजे राखाडी पट्ट्याच्या आतही पारडं केंद्रकावरच कलतं, हे आता पुस्तकात लिहिलेलं आहे. असं असताना केंद्रकाबद्दलचं आपलं विधान 'किंचित'वर थांबावं, हे मला पटत नाही. मोजण्याची साधनं आहेत, ती स्वस्त आहेत. एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेली काचपट्टी, सूक्ष्मदर्शकाला जोडलेला साधा कॅमेरा, आणि 'इमेजजे' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. तेही त्याच बेथेस्डातल्या सरकारी संस्थेत तयार झालं. शब्दही त्याच गावचे आणि फूटपट्टीही. आपण शब्द तेवढे उचलले.

यावर कुणी म्हणेल, मोजमाप तर आपल्याकडे भरपूर चालतं. चालतं खरं. एमडी पॅथॉलॉजीला प्रबंध सक्तीचा असतो आणि 'केंद्रकाची मोजमापं' हा विषय गाइडलाही सोयीचा आणि विद्यार्थ्यालाही: फार खर्च नाही, जुन्या स्लाइड कपाटात असतात. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला आलेले असे प्रबंध मी चाळले आहेत. बहुतेकांचा साचा एक. इकडे स्पष्ट निरुपद्रवी गाठी, तिकडे स्पष्ट कॅन्सर. दोन्हींत शंभर-शंभर केंद्रकं मोजली. कॅन्सरची मोठी निघाली. फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला. बांधणी, सोनेरी अक्षरं, कपाट.

अहो, पण तिथे शंका होती कुणाला? आंबा आणि कलिंगड तराजूत घालून कलिंगड जड आहे असं सिद्ध करण्यासारखं ते झालं. ज्या गाठींवर वर्ग ३ आणि ४ चा शिक्का बसला, ज्या नंतर कापल्या गेल्या आणि ज्यांचा शेवटचा निकाल हातात आहे, त्यांची मोजमापं हवीत. ती गोळा करायला कष्ट पडतात: वेगळ्या विभागातलं रजिस्टर, नाव एका स्पेलिंगने इथे आणि दुसऱ्या स्पेलिंगने तिथे, ऑपरेशन भलत्याच हॉस्पिटलात. म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही. माझं मत असं की हा आळस विद्यार्थ्याचा नाही. सुईचा रिपोर्ट आणि कापलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट एका क्रमांकाखाली ठेवायची व्यवस्थाच नसते, आणि ती करणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं.

माझा भाचा इथल्याच टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्याचंच हे पुढचं रूप, हे मी त्याला दर दिवाळीला ऐकवते आणि तो दर दिवाळीला हो म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात तो लॅपटॉप घेऊन आला. "मावशी, माझं मॉडेल सत्त्याण्णव टक्के बरोबर सांगतं, कॅन्सर आहे की नाही." बघते तर विस्कॉन्सिनचा संग्रह. मशीन लर्निंग शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोर यावर हात साफ करतं: स्तनाच्या गाठींच्या ५६९ सुईतपासण्या, ३५७ निरुपद्रवी, २१२ कॅन्सरच्या, आणि प्रत्येकीच्या केंद्रकांची ३० मापं. विल्यम वोलबर्ग या सर्जनने संगणकवाल्या सहकाऱ्यांबरोबर हे काम केलं आणि १९९५ पासून तो संग्रह जगाला खुला आहे. पडद्यावर केंद्रकाभोवती माउसने ढोबळ रेघ ओढायची, मग संगणक ती रेघ कडेला नीट चिकटवून घेतो. त्रिज्या, परिमिती, क्षेत्रफळ, कडेचा खडबडीतपणा, खळगे.

मी भाच्याला विचारलं, "यात केंद्रक म्हणजे काय, माहीत आहे?" तो हसला. "कॉलम आहे ना, मावशी."

त्याला मी दोष देत नाही. तीस वर्षांपूर्वीचं केंद्रकांचं मोजमाप आज लाखो मुलांच्या लॅपटॉपवर आहे आणि ज्या लॅबमध्ये ते व्हायचं तिथे नाही, ही गंमत त्या पोराने केलेली नाही. पण वोलबर्गच्या संग्रहातून एक गोष्ट त्याला दाखवता आली. ते चाललं, कारण ते एका ठिकाणचं होतं: तीच पद्धत, तोच सूक्ष्मदर्शक, तीच रेघ ओढायची रीत. ती मापं उचलून बडोद्याच्या स्लाइडला लावली तर काय होईल, याचा अनुभव मी थायरॉइडच्या बाबतीत घेतलेला आहे, आणि तो सांगण्याजोगा आहे.

मी मोजायला सुरुवात केली तेव्हा एका परदेशी शोधनिबंधातला आकडा वहीत लिहून घेतला होता: अमुक चौरस मायक्रॉनच्या वर सरासरी गेली की सावध. तिसऱ्या-चौथ्याच केसला माझी सरासरी त्याच्या पुष्कळ वर. छाती धडधडली. सर्जनला फोन लावायला हात घातला, आणि तेवढ्यात आमच्या जुन्या टेक्निशियन काकांनी ट्रेमधली दुसरी स्लाइड पुढे सरकवली. त्याच रुग्णाची, त्याच सुईतली. पहिली होती हवेत वाळवलेली, गिम्साच्या निळ्या-जांभळ्या रंगाची. दुसरी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवलेली, पॅपच्या रंगाची. दुसरीवर मोजलं तर सरासरी धपकन खाली आली. हवेत वाळताना पेशी काचेवर पसरते, तव्यावरच्या घावनासारखी, आणि केंद्रकही पसरून मोठं दिसतं. अल्कोहोलमध्ये ती आक्रसते. मी उचललेला आकडा अल्कोहोलच्या स्लाइडचा होता आणि लावला होता हवेतल्या स्लाइडला. काका काही बोलले नाहीत. "बेन, चहा मागवू?" एवढंच.

हा फरक तिथेच संपत नाही. एकाच हवेतल्या स्लाइडवर जिथे रक्ताचा जाड थर असतो तिथे वाळायला वेळ लागतो आणि पेशी लहान राहतात. पातळ कडेला त्या मोठ्या होतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या तुकड्यावर हिशेब तिसराच. मोबाइलने फोटो काढताना झूम बोटभर सरकला तर मायक्रॉनचा भाव बदलतो, आणि काचपट्टीवरून माप पुन्हा लावून घ्यावं लागतं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की 'इतक्या मायक्रॉनच्या वर कॅन्सर' असा आकडा कुणी छापील देत असेल तर तो घेऊ नये. प्रत्येक लॅबने आपल्या पाण्याने, आपल्या रंगाने, आपल्या टेक्निशियनच्या हाताने केलेल्या निरुपद्रवी गाठी आधी मोजाव्यात आणि आपली फूटपट्टी बांधावी. रिपोर्टात नुसतं माप न लिहिता, त्याच स्लाइडवरच्या तांबड्या पेशीच्या किती पट आणि आमच्या लॅबच्या निरुपद्रवी सरासरीच्या किती पट, असं लिहावं. पट लिहिली की रंगाचा आणि झूमचा बराचसा गोंधळ गाळला जातो. पूर्ण जात नाही.

निवडीचाही प्रश्न आहे, आणि तो मला जास्त छळतो. स्लाइडवर हजारो केंद्रकं असतात, मोजायची शंभर. कॅन्सरची शंका मनात असली की बोट आपोआप वेड्यावाकड्या केंद्रकाकडे जातं. म्हणून मी एका कडेपासून निघते आणि सुटं, अखंड केंद्रक जे येईल ते मोजत जाते. आता यातला पेच बघा. पॅपिलरी कॅन्सरमध्ये केंद्रकं एकमेकांवर चढतात, ते त्याचं लक्षणच आहे. सुटी तेवढी मोजायची म्हटलं तर नेमकी चढलेली, म्हणजे सगळ्यांत संशयास्पद, वगळली जातात. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी चढलेल्या केंद्रकांचे पुंजके वेगळे मोजते आणि रिपोर्टात तसं लिहिते.

मापाच्या पलीकडचंही बरंच आहे. हाशिमोटोच्या सुजेत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते त्या आजारात, जो कॅन्सर नाही आणि आपल्याकडे घरोघरी आहे, गुलाबी दाणेदार पेशींची केंद्रकं बिनधास्त मोठी आणि लहानमोठी असतात. रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) घेतलेल्या ग्रंथीत तर अशी अक्राळविक्राळ केंद्रकं दिसतात की घाम फुटावा, आणि त्यांचा अर्थ काही नसतो. उलट फॉलिक्युलर या थायरॉइडच्या दुसऱ्या कॅन्सरची केंद्रकं साळसूद असू शकतात. तिथे निदान ठरतं ते गाठीच्या कवचाला किंवा रक्तवाहिनीला पेशींनी भोक पाडलं आहे का यावर, आणि सुईने कवच दिसत नाही. कितीही मोजा. वर्ग ४ मध्ये, जिथे शंका याच फॉलिक्युलर कॅन्सरची असते, मोजमापाकडून मला फार आशा नाही, हे इथेच सांगून ठेवते. माझी आशा वर्ग ३ च्या त्या पोटभागाकडून आहे, जिथे शंका केंद्रकामुळेच आलेली असते.

अनुभवी डोळ्याला मापाची गरज काय, असं माझे काही ज्येष्ठ विचारतात. त्यांच्या डोळ्याला माझा नमस्कार आहे. पण २००२ साली कवचबंद फॉलिक्युलर गाठींच्या त्याच त्या स्लाइड अमेरिकी आणि जपानी तज्ज्ञांपुढे ठेवल्या गेल्या, तेव्हा अमेरिकी मंडळींनी जपान्यांपेक्षा अधिक वेळा कॅन्सर म्हटलं, आणि सगळ्यांचं एकमत अगदी थोड्या स्लाइडवर झालं. ते डोळेही अनुभवीच होते. पुढे २०१६ मध्ये अशा गाठींचा मोठा आढावा झाला. कवच न फोडलेल्या गाठींचे १०९ रुग्ण १० ते २६ वर्षं पाहिले, एकालाही रोग उलटला नव्हता. मग त्या गाठींच्या नावातून 'कॅन्सर' हा शब्दच काढून टाकला. ती नवी ओळख पटवायला केंद्रकाला तीनपैकी गुण देतात: आकार-आकारमानाला एक, कडेच्या वेडेवाकडेपणाला एक, आतल्या रंगद्रव्याला एक. परीक्षकाने डोळ्याने द्यायचे गुण. आकारमानाचा गुण देताना हाताशी माप असेल तर कुणाचं काय बिघडतं?

वेळेची तक्रार मात्र खरी आहे. शंभर केंद्रकं हाताने आखायला मला अर्धा-पाऊण तास लागतो. सरकारी ओपीडीत दुपारपर्यंत ट्रे भरून वाहत असतात, तिथे हे सगळ्या गाठींना करा म्हणणं क्रूरपणा होईल. मी सगळ्यांना करा म्हणतच नाही. वर्ग २ आणि वर्ग ६ सोडून द्या. दहातल्या एकाला, जिथे पेन थबकतं तिथे, पाऊण तास द्या. त्या पाऊण तासासमोर एका ऑपरेशनचा खर्च, आठवड्याभराची मजुरी आणि जन्मभराची गोळी ठेवून बघा. परदेशात अशा राखाडी गाठींसाठी जनुकांच्या चाचण्या आहेत. त्यांचे पैसे हजारो डॉलरांत मोजतात. वाडीतल्या, मकरपुऱ्यातल्या माणसाने ते कुठून आणायचे?

मला खरी भीती आहे ती आकड्याच्या भक्तीची. साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच यांनी आपल्याला सवय लावली आहे: रिपोर्टात आकडा, शेजारी 'नॉर्मल', आणि वर गेला की पेनाने गोल. उद्या कुणी हेल्थ पॅकेजमध्ये 'केंद्रक निर्देशांक' घालून विकायला काढेल, मानेच्या सोनोग्राफीच्या जोडीने. दक्षिण कोरियाने हा रस्ता चालून दाखवलेला आहे. १९९९ पासून तिथे कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम होती. थायरॉइड त्यात नव्हता, पण थोडे जास्तीचे पैसे भरले की सोनोग्राफी करून मिळायची. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. थायरॉइड कॅन्सरने मरणारे तेवढेच राहिले. एवढे गळे कापले गेले ते कुणाच्या वाईट हेतूने नाही, बारीक बघायची सोय झाली म्हणून. केंद्रकाचं मापही बारीक बघण्याचीच सोय आहे. म्हणून ते तपासणी-मोहिमेत नको, धडधाकट माणसाला नको, आणि रुग्णाच्या हातात सुटा आकडा म्हणूनही नको. मोजायचं ते आधीच शंकेत सापडलेल्याला सोडवण्यासाठी.

मग करायचं कुणी? माझ्यासारखी एकटीदुकटी लॅब फूटपट्टी बांधू शकत नाही, केसेस तेवढ्या येत नाहीत. ते काम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं आहे, कारण सुई, ऑपरेशन आणि कापलेल्या ग्रंथीची तपासणी एका आवारात तिथेच होते. दर वर्षी एका विद्यार्थ्याला नवा कोरा प्रबंध देण्याऐवजी एकच वही पिढ्यान् पिढ्या पुढे चालवा: या वर्षीच्याने वर्ग ३ ची मापं घ्यायची, पुढच्याने त्यांचे निकाल लावायचे, त्याच्या पुढच्याने फूटपट्टी तपासायची. प्रबंधाचे नियम याला आडवे येत असतील तर नियम बदला. सुईच्या रिपोर्टचा क्रमांक ऑपरेशनच्या कागदावर लिहिणं सक्तीचं करा. याला पैसा लागत नाही, शाई लागते. आणि स्लाइड मोडीत काढू नका. आता हॉस्पिटलांच्या दारात कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं घेऊन विक्रेते उभे आहेत, त्यांच्या चकचकीत पडद्यांबद्दल मला आकस नाही. पण ते यंत्र कुठल्या रंगावर, कुठल्या गावच्या स्लाइडवर शिकलंय, हे खरेदी समितीने विचारावं, आणि आपल्या शंभर जुन्या स्लाइडवर त्याची परीक्षा घ्यावी. त्यासाठीही निकाल माहीत असलेल्या जुन्या स्लाइड आपल्याकडे असाव्या लागतील.

वाडीतल्या वहिनींची सुई मी तीन महिन्यांनी पुन्हा केली. पहिल्या खेपेची हवेतली स्लाइड जाड थराची होती, या वेळी काकांनी पातळ ओढली. दोन्ही रंगांत मोजलं. अल्कोहोलच्या स्लाइडवर सरासरी आमच्या निरुपद्रवी गाठींच्या सव्वापटीच्या आत आली, केंद्रकं गोल, रेघ कुठेच नाही, आणि सोबत हाशिमोटोच्या सुजेच्या पेशी भरपूर. मी वर्ग २ लिहिला आणि खाली मापं लिहिली. सर्जनचा फोन आला, "हे खाली काय लिहिलंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू." चूक निघालीच तर ती माझ्या सहीखाली आहे, हे मला ठाऊक आहे.

माझी वही लाल कापडी बांधणीची, मांडवीच्या दुकानातली, हिशेबाला वापरतात तशी. डावीकडे क्रमांक, रंग, मापं. उजवीकडे शेवटचा रकाना: 'कापल्यावर काय निघालं'. त्यातली निम्म्याहून जास्त घरं रिकामी आहेत. कुणी सुरतेला ऑपरेशन केलं, कुणी केलंच नाही, कुणाचा नंबर बदलला. दर शनिवारी दुपारी मी चार-पाच फोन करते. परवा एका आजोबांनी उचलला, म्हणाले, सून माहेरी गेली आहे, गळा बरा आहे, कागद कपाटात असतील, रविवारी बघून सांगतो.